सेहेचाळीस म्हणजे कोण?

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे. घरटी एक शिपाई देणारं गाव, म्हणून त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जण मेले. इंग्रजांनी स्मारक उभारलं. भाषणांत हा आकडा हमखास येतो, टाळ्या घेतो. मला विचारायचंय : हे ४६ कोण कोण?

पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत गावोगाव तशाच संगमरवरी पाट्या आहेत. गावातून इतके गेले, इतके मेले. बहुतेकींवर नाव एकाचंही नाही.

ही रीत साम्राज्याची. मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या. पण १९२९ साली बसऱ्याला स्मारक झालं, त्यावर नावं अधिकाऱ्यांची आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या. नावं ठाऊक नव्हती ही सबब मला पटत नाही. दोनच वर्षं आधी फ्रान्समध्ये नव शापेलला चार हजारांहून अधिक हिंदी सैनिकांची नावं कोरली होतीच.

“परक्यांसाठी मेले, त्यांचं कौतुक कशाला?” असं म्हणणारे भेटतात. नका करू कौतुक. नाव कोरणं म्हणजे साम्राज्याला मुजरा नव्हे. त्याने माणसाचा आकडा केला, तो आकडा पुसणं आहे. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत अनेकांच्या बापाचं नाव, गावाचं नाव आजही सापडतं. शोधायला आपल्याला शंभर वर्षं पुरली नाहीत?

इंग्रजांनी मोजले. पुढचं पुष्पचक्र वाहण्याआधी आपण निदान नावं तरी लिहू.