बैलाचे दात आणि ट्रॅक्टरचे तास

श्रीगोंदे तालुक्यात काष्टीच्या बाजारी बैल घेणारा शेतकरी आधी त्याचे दात पाहतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला, अशी वयाची पट्टीच निसर्गाने तिथे मांडून ठेवली आहे. पण बैल एकदा जुळला की दात वय सांगत नाहीत, नुसती झीज सांगतात. मग सौदा खांदा, खूर आणि चाल पाहूनच करावा लागतो.

आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले आणि दातांच्या जागी तास. मराठीत तास म्हणजे साठ मिनिटे, आणि नांगराने पाडलेली ओळ म्हणजेही तासच! ट्रॅक्टरच्या मीटरवर दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. आम्हा मास्तरांचे आयुष्यही तासांवरच मोजले जाते. परंतु तासांच्या बेरजेवरून मास्तर कसा हे कळते, असे कोणताही विद्यार्थी म्हणणार नाही.

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि प्रवरेकाठी ऊस माजला. आज शहरात राहणाऱ्या कित्येकांचा एखादा भाऊ नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शेती करतो. गळीत हंगाम तोंडावर आला की त्याचा फोन येतो, "दादा, जुना ट्रॅक्टर बघितलाय. थोडे कमी पडतात."

माझ्या मावसभावाचा असाच फोन आला. त्याच्याजवळची रक्कम म्हणजे विकलेली बैलजोडी आणि मावशीच्या पाटल्या. सौदा फसला असता तर शेत, सोने आणि नाते, तिन्हींना घोर लागला असता. त्याच्यापुढे दोन ट्रॅक्टर होते. एकाचे तास चार हजार, रंग नवाकोरा. दुसऱ्याचे सात हजार, रंग उडालेला.

आम्ही गावच्या मिस्त्रीला बरोबर घेतले. मिस्त्री मीटरकडे बघेचना! तो म्हणाला, "सर, मीटर बदलता येतो, आणि काही मीटर तर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. इंजिन हळू चालले की त्यांचा तासही हळू सरतो." त्याने आधी इंजिनावर हात ठेवला. चार हजारांचे इंजिन सकाळीच गरम होते. थंड इंजिन कसे सुरू होते, हे आम्हांला दिसू नये अशी ती तजवीज! थोड्या वेळाने निळा धूर निघाला, म्हणजे ऑइल जळत होते. काळा धूर पुष्कळदा हवेच्या कोंडलेल्या जाळीचा असतो आणि थोडक्यात भागतो. निळा मात्र लायनर-पिस्टनच्या खर्चापर्यंत नेऊ शकतो. पायाखालच्या पट्ट्यांचे रबर पार गुळगुळीत झाले होते. चार हजार तासांत एवढी झीज होईल, हे त्याला पटेना.

सात हजारांचे इंजिन थंड होते, तरी चटकन सुरू झाले. नांगर उचलून इंजिन बंद केले. पुष्कळ वेळ नांगर खाली बसला नाही. मग मालकाने घरातून एक वही आणली. केव्हा ऑइल बदलले, केव्हा जाळी धुतली, सारे शिसपेन्सिलीने लिहिलेले. भावाने ती वही मावशीला वाचून दाखवली आणि मावशीनेच निकाल दिला, "हाच घे. ह्याने लेकरासारखा सांभाळलाय."

कागद पाहिले, चासीचा नंबर ताडला, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला घेतला आणि लायनरसाठी थोडी रक्कम हाताशी राखून सौदा केला. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. जुन्या यंत्राची किंमत म्हणजे विक्रेत्याचा आकडा अधिक पहिल्या वर्षाची दुरुस्ती. आणि वर्षाकाठी काम थोडेच असेल, तर भाड्याचा ट्रॅक्टर बरा.

हा न्याय नांगरापुरता नाही. जलाशयावरच्या नावेचे यंत्र घ्या, नाहीतर शिवणयंत्र. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जुनी यंत्रे नुसती पाहायला ठेवली आहेत आणि तिथे ती शोभतात. ज्याच्यावर चूल अवलंबून आहे, त्या यंत्राला मात्र किती वर्षे चाललास, एवढेच विचारून भागत नाही. कोणाच्या हाती चाललास, हेही विचारावे लागते.