शाळेत गाणे वाजते, पण लेकरे गातात का?

वाचकहो, येत्या सोमवारी सकाळी एक काम करा. वावरात जाता जाता आपल्या गावातल्या शाळेच्या फाटकाशी पाच मिनिटे थांबा. गाव अमडापूर असो, उंद्री असो की चिखली-खामगाव रस्त्यापासून आत असलेले एखादे दोनशे उंबऱ्यांचे खेडे असो. परिपाठ चालू असेल. राष्ट्रगीत होईल, राज्यगीत होईल. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि शाहीर साबळे यांचा गळा लाभलेले 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्याचे गीत झाले. आता डोळे मिटून नीट ऐका. कानावर येतो तो आवाज लेकरांचा आहे, की ध्वनिक्षेपकाचा?

बऱ्याच ठिकाणी तो ध्वनिक्षेपकाचा असतो. मास्तर मोबाइलवर गाणे लावतात, शाहिरांचा पहाडी आवाज मैदानभर घुमतो आणि रांगेतली लेकरे ओठ हलवतात. पुढच्या रांगेतल्या चार पोरी गातातही. मागचे गंपू, पप्पू एकमेकांच्या पाठीत बोटे खुपसत असतात. गाणे झाले, राज्यगीत पार पडले, वहीत नोंद झाली. गायले कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

मास्तरांना दोष देणे सोपे आहे. पण कायदा काय म्हणतो ते पाहा. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक. कला शिकवणारा निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीला, तोही अर्धवेळ आणि पट १०० च्या वर असेल तरच. म्हणजे ज्या वयात गळा लवचिक असतो, कान कोवळा असतो, त्या वयाच्या लेकरांना गाणे शिकवणारा माणूस कायद्यानेच दिलेला नाही. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरीसाठी 'बांसुरी' नावाचे कलेचे पुस्तक काढले. त्यात चित्र, नाट्य, नृत्याबरोबर संगीतही आहे. पुस्तक चांगलेच आहे हो, पण दोन मास्तरांच्या शाळेत दोन-दोन, तीन-तीन वर्ग एका खोलीत बसवून 'सा' लावायचा कुणी?

ही मोकळी जागा यंत्राने भरून काढली आणि ते काही आजचे नाही. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' सुरू झाली. दुपारी दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिलेली पिढी आज स्वतः पालक आहे. ती संस्था २०१७ मध्ये बंद पडली. दरम्यान ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचे नाव राज्यभर झाले, २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'ची लाट आली आणि गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या. कापूस-सोयाबीन विकून हाती आलेल्या पैशातून शेतकऱ्यांनी दूरचित्रवाणी संच घेऊन दिले. पुस्तकांवर क्यूआर कोड आले. २०१७ मध्ये 'दीक्षा' आले. २०२० च्या टाळेबंदीत तर 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत सगळा कारभार मोबाइलवर गेला. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागत असे. एवढे सगळे झाले, त्यात कवितांच्या चाली लेकरांच्या कानावर पडल्या हे खरेच. पण ऐकणे वेगळे आणि गाणे वेगळे. पोहण्याची चित्रफीत पाहून कुणी विहिरीत उडी घेत नाही.

यंत्राला काय जमते नि काय जमत नाही, हे एकदा समजून घेतले पाहिजे. त्यावाचून नुसते 'डिजिटल डिजिटल' करण्यात अर्थ नाही.

पहिली अडचण पट्टीची. बाजारातले गाणे मोठ्या माणसाच्या गळ्यात बसवलेले असते. लेकराचा गळा वेगळा. उंच जागा आली की ते किंचाळते, खाली आली की पुटपुटते, आणि घरी येऊन सांगते, "मले गाणं येतच नाही." अहो, येते! पट्टी चुकलेली असते. इथे मोबाइल खरा उपयोगी पडतो. तंबोऱ्याची ॲप फुकट मिळतात. त्यावर बोट सरकवले की 'सा' वर-खाली करता येतो. आज काळी दोन लावून पाहा, उद्या पांढरी चार. ज्या पट्टीत सगळा वर्ग न ओरडता गातो, ती त्या वर्गाची पट्टी. ज्याला गाणे येत नाही असा मास्तरही हे करू शकतो, कारण यात गायचे काहीच नाही, फक्त कान द्यायचा आहे. तंबोरा जुळवायला वर्षे लागत. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, आणि आज तेच काम खिशातला फोन करतो. तालाचेही तसेच. दादरा, केरवा हवा तेवढा संथ लावता येतो, आणि कितीही वेळा लावला तरी यंत्र कंटाळत नाही.

आता न जमणारे. फोनचा भोंगा लहान, त्यातून तबल्याची चाट ऐकू येते पण डग्ग्याचा घुमारा येत नाही. म्हणजे तालाचा अर्धा जीव गेला. शहरातल्या गुरुजींना व्हिडिओ कॉलवर घेऊन शिकवणी घ्यावी, ही कल्पना फार चांगली वाटते. पण आवाज इथून तिथे जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागला, तरी मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचा पाचवा हिस्सा सरकतो. प्रत्यक्षात उशीर याहून जास्तच होतो. म्हणून अशा शिकवणीत 'मी म्हणतो, मग तुम्ही म्हणा' एवढेच शक्य आहे. एकत्र गाणे शक्य नाही. शिवाय कॉलमधली यंत्रणा सतत चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून दाबते, आणि तंबोरा तर सततच चालतो! कूलरची घरघर आणि तंबोऱ्याचा सूर तिला सारखेच. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, मागच्या रांगेतला पोरगा बेसूर गातो आहे, त्याच्याजवळ जाऊन बसावे, त्याला हळू आवाजात स्वर द्यावा, हे भिंतीवरचा संच करीत नाही.

कुणी म्हणेल, यंत्राने आपले संगीत बाटते. असे म्हणणाऱ्याने देवळातली पेटी पाहावी. ती फ्रान्सहून आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला मांडी घालून वाजवता येईल असे रूप दिले. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके तिला दाराबाहेर ठेवले, कारण तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. आक्षेप अगदी खरा होता. तरी आज पेटीशिवाय भजन बसत नाही. का? कारण गावातल्या माणसाचा हात तिच्यावर बसला. यंत्र परके असते ते फक्त ऐकण्यापुरते. वाजवायला लागला की ते घरचे. शाळेतल्या संचाला हात लावायची लेकरांना बंदी असेल, तर तो परकाच राहणार.

आणि हात बसवायला आपल्याकडे माणसे नाहीत असे थोडेच आहे? शेगावचे गजानन महाराज संस्थान आपल्याच जिल्ह्यातले. गावोगावच्या भजनी मंडळांना ते टाळ, वीणा, मृदंग देते. तुकडोजी महाराजांची खंजिरी या मुलखात घराघरात माहीत आहे. बल्लाळदेवीच्या टेकडीखाली राहणाऱ्या माणसाला नवरात्र काय असते हे आम्ही सांगायला नको. रात्री मृदंगावर बसणारा माणूस दुपारी पारावर बसलेला असतो, आणि पन्नास पावलांवर शाळेत लेकरे यंत्रातला तबला ऐकतात! २०२४ पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' आहे. त्या दिवशी एक तास या माणसाला बोलवायला काय हरकत आहे? शाळा सर्व जातीधर्मांच्या लेकरांची, तेव्हा तिथे भजनच झाले पाहिजे असे नाही. केरवा भजनात तोच, कव्वालीत तोच.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले त्या गोष्टीकडे येतो. भुलाबाईची गाणी. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या भागात पोरी घरोघर ती गात. टिपऱ्या, खिरापत ओळखायची गंमत, हे सगळे चाळिशीपुढच्या बाईला आजही आठवते. तिच्या पोरीला अर्धे येते, नातीला येत नाही. ही गाणी पट्टीने सोपी, चार-पाच स्वरांत फिरणारी, ताल सरळ. लहान लेकरांना शिकवायला याहून चांगला पाठ कुणी लिहिणार नाही. पण त्यांच्या गावोगावच्या चाली आजीबाईंच्या गळ्यातच आहेत, आणि आजी काही कायम राहणार नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. टेपवर, मग संगणकावर त्या आल्या, आणि २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावानिशी, गावानिशी ऐकायला मिळतात. तेवढे मोठे काम शाळेने करावे असे कुणी म्हणत नाही. पण चौथीच्या पोरीने आपल्या आजीसमोर फोन धरावा, गाणे भरावे, खाली आजीचे नाव, गाव, तारीख लिहावी. शाळेच्या संगणकात त्याची एक पेटी असावी. शनिवारी त्यातले एक गाणे काढावे, तंबोऱ्यावर आपली पट्टी लावावी, आणि आजीचा आवाज बंद करून सगळ्यांनी गावे. मग स्वतःचे गाणे भरून ऐकावे. आपला आवाज पहिल्यांदा ऐकला की लेकरू दचकते, हसते, पण दुसऱ्या वेळी चूक स्वतःच पकडते. फोनचा हा उपयोग सगळ्यात मोलाचा, आणि याला इंटरनेटही लागत नाही.

फोन आहेत का? २०२४ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. तो वापरता येणाऱ्यांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेले ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेले ७६ टक्के. फोन घरात आहे, तो कशाला उघडायचा एवढाच प्रश्न आहे.

पैशाचे म्हणाल, तर समग्र शिक्षाच्या संयुक्त अनुदानात ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार धरलेले आहेत. त्यात खडू, झाडू, डागडुजी, विजेचे बिल सगळेच. बिल थकले की संच बंद, हे दुखणे खेड्यातल्या शाळांना ठाऊक आहे. म्हणून नवा संच मागण्याआधी एक बरा भोंगा, दोन जोड टाळ आणि एक खंजिरी मागा. मागायचे कुणी? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या महिला असाव्यात असे कायदाच सांगतो. भुलाबाईची गाणी ज्यांना येतात त्या याच महिला. पुढच्या बैठकीत बिलाचा आणि पोषण आहाराचा विषय झाला, की कुणीतरी विचारा, आपल्या शाळेची पट्टी कोणती? बहुतेक सगळे एकमेकांकडे पाहतील. मग फोन काढा, तंबोरा लावा, आणि समितीतल्या एखाद्या बाईलाच पहिली ओळ म्हणायला सांगा. भादव्याची पुनव येईपर्यंत चार-दोन गाणी तरी भरून होतील.