शुश्रूषेतील मदतनीस : तिचे शिक्षण, तिचे काम आणि तिची मर्यादा

"आमची मुलगी नर्सिंगला गेली," असे धार आणि देवास जिल्ह्यांतील पुष्कळ घरांतून आता अभिमानाने सांगितले जाते. गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु ती नक्की काय शिकायला गेली, किती दिवसांसाठी गेली आणि शिकून आल्यावर तिला कोणते काम करण्याचा अधिकार मिळणार, हे विचारले तर आईवडिलांना सांगता येत नाही. म्हणून आधी हे नीट समजून घेऊ.

नर्सिंग हा एकच शब्द असला तरी पायऱ्या वेगवेगळ्या आहेत. बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि एएनएमचा, म्हणजे साहाय्यकारी परिचारिका प्रसाविकेचा, दोन वर्षांचा असतो. या तिघींची राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते. खेड्यातील उपकेंद्रात लसी टोचणारी आणि गरोदर बाईची तपासणी करणारी ती एएनएम. सरकारी नियमाप्रमाणे सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे लागते.

याखेरीज चौथी पायरी आहे ती रुग्णमदतनिसाची. हिला हल्ली जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात. जुन्या दवाखान्यांत आया किंवा वॉर्डबॉय म्हणत. हिचे प्रशिक्षण काही महिन्यांचे असते. ही मुलगी नर्स नव्हे. पण ती नर्स नाही म्हणून तिचे काम हलके आहे, असे समजणे ही मोठी चूक आहे.

डॉक्टर रोग्याजवळ पाच मिनिटे थांबतात. नर्सकडे एका वेळी अनेक खाटा असतात. रोग्याच्या अंगाला दिवसभर जिचा हात लागतो ती मदतनीसच. अंग पुसणे, तोंड स्वच्छ करणे, बेडपॅन देणे, चादर बदलणे, घास भरवणे, किती पाणी प्याला व किती लघवी झाली ते लिहून ठेवणे, ताप आणि नाडी मोजून नर्सला सांगणे, ही तिची कामे.

यांतले प्रत्येक काम शिकावे लागते. उठता न येणाऱ्या रोग्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीला व ढुंगणाला जखमा पडतात आणि त्या भरता भरत नाहीत. कातडी लाल झाली की पुष्कळ घरी ती जागा जोराने चोळतात. त्याने आतील मांस आणखी दुखावते. तेथे दाब पडू न देणे हाच उपाय. रोग्याला भरवताना डोके व पाठ उंच करून बसवावे, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. श्वास मोजायचा तर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावा. एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात साबणाने धुवावेत. ज्या मुलीला हे येते ती माणसाचा जीव वाचवू शकते.

आपला भाग सोयाबीन आणि कापसाचा. फवारणीच्या दिवसांत औषध अंगावर उडून किंवा नाकातोंडात जाऊन शेतकरी दवाखान्यात येतात. घाम, लाळ, बारीक झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या आणि लागलेली धाप ही त्या विषाची एक ओळख आहे. अशा वेळी मदतनिसाने ताबडतोब डॉक्टर व नर्सला बोलवावे. मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे हातमोजे घालून रोग्याचे भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणपाण्याने धुवावे आणि औषधाचा डबा कोठे आहे ते घरच्यांना विचारावे. डब्यावरील नाव वाचून डॉक्टरांचे अर्धे काम सोपे होते.

आता मर्यादेविषयी. सुई टोचणे, सलाईन लावणे, औषधाची मात्रा ठरवणे, बाळंतपण करणे ही मदतनिसाची कामे नव्हेत. पण माणसे कमी पडली की काही खासगी दवाखाने तिच्याच हाती सुई देतात, आणि काही बिघडले की दोष तिच्यावर येतो. आमच्या मते "मला हे शिकवलेले नाही" असे म्हणण्याचे धैर्य हा तिच्या शिक्षणातील पहिला धडा असला पाहिजे. तसे म्हणणाऱ्या मुलीच्या पाठीशी तिच्या घरच्यांनी आणि गावाने उभे राहावे.

दुसरा धोका प्रवेशाच्या वेळचा. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने राज्यातील नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली आणि त्यांतील कित्येक अपात्र ठरली. २०२४ साली हे प्रकरण देशभर गाजले. फी भरलेल्या मुलींची वर्षे वाया गेली. म्हणून जमीन गहाण टाकण्यापूर्वी आईवडिलांनी तीन प्रश्न विचारावेत. संस्थेला आणि अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची आहे? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार, आणि तेथे खाटांवर रोगी असतात का? शेवटी मिळणाऱ्या कागदावर नोंदणी होते की नाही? सहा महिन्यांत "नर्स" करून देतो असे जो सांगेल, त्याच्या दारातून परत फिरावे.

सन्मानाचा प्रश्न तर जुनाच आहे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभे केले आणि तेथील स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट दाखवली, तेव्हा परक्यांच्या मलमूत्राला हात लावणे चांगल्या घरच्या बाईला शोभत नाही, असा समाजाचा समज होता. तो समज आजही पुरता गेलेला नाही. नर्सला आपण सिस्टर म्हणतो आणि मदतनिसाला "ए बाई" म्हणून हाक मारतो. निदान तिला ताई म्हणावे.

शेवटी एक गोष्ट आपल्याच भागाची. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. गंधवानी, डही, बागकडची म्हातारी बाई जिल्ह्याच्या रुग्णालयात येते तेव्हा कोठे दुखते ते तिला हिंदीत सांगता येत नाही. तेथे भिली बोलणारी मुलगी मदतनीस असेल, तर डॉक्टरांना रोग कळतो आणि बाईची भीती जाते. ही विद्या कोणत्याही महाविद्यालयात विकत मिळत नाही. आपल्या मुलींजवळ ती जन्मतःच आहे. तिला चांगल्या शिक्षणाची, योग्य पगाराची आणि आदराची जोड द्यावी, एवढेच आपल्याला करायचे आहे. आणि हे काम केवळ मुलींचे, असेही कोणी समजू नये. पुरुष रोग्यांची सेवा करायला शिकलेले मुलगेही तितकेच हवे आहेत.