पोरांना पळू द्या

लखनौत हजरतगंजाजवळच्या स्टेडियमला के. डी. सिंग 'बाबू' यांचे नाव आहे. १९५२ साली हेलसिंकीत हॉकीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार. पण पाच-सहा वर्षांच्या पोराला स्टेडियम काय करायचे? त्याला हवी पळायला, पडायला गल्ली, आणि ती मोटारींनी अडवली आहे.

एखाद्या गृहिणीने छोटे क्रीडाकेंद्र काढायचे मनात आणले, तर भांडवल फारसे लागत नाही. मऊ मातीचे अंगण, चेंडू, दोऱ्या, फक्की, पिण्याचे पाणी, मलमपट्टीची पेटी. लंगडी, खो-खो तर बिनखर्चाचे! आपली लगोरी तिकडची मुले 'पिट्ठू' म्हणून खेळतातच. दहा-बारा मुलांमागे एक मोठे माणूस मात्र हवेच. मे-जूनमध्ये लू वाहते, तेव्हा खेळ सकाळी लवकर आटोपावा. जानेवारीच्या धुक्यात ऊन पडल्यावर सुरू करावा.

मुलींची फी निम्मीच ठेवावी, असे माझे मत. नाहीतर पैसे मोजायची वेळ आली, की घरचे मुलालाच पाठवतात.

आईबाप पहिल्याच आठवड्यात विचारतील, "स्पर्धा कधी? बक्षीस कधी?" स्पष्ट सांगावे, इथे नंबर काढत नाही. दोन-चार मुले कमी होतील. होऊ देत.