हाताला कळायला हवं

मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे एक पालक गेल्या आठवड्यात घरी आले. त्यांची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, आता बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते. बाहेरगावच्या दोन आठवड्यांच्या कार्यशाळेसाठी तिची निवड झाली आहे. उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशींमध्ये जनुकीय बदल कसे करायचे, याचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. पत्र पुढे करत ते म्हणाले, "मॅडम, हे यूट्यूबवर बघून येत नाही का?" मग आवाज खाली आणून, "आणि हे जायज तरी आहे का?"

मी भाषा शिकवते, विज्ञान नाही. पण त्या मुलीने मला हा विषय दोन तास बसून समजावला आहे.

या पेशी १९८१ मध्ये पहिल्यांदा वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. त्यातलं एखादं जनुक नेमकं निकामी करायचं, मग त्या पेशी साडेतीन दिवसांच्या भ्रूणात सोडायच्या आणि तो भ्रूण उंदरीच्या गर्भाशयात ठेवायचा. १९८९ मध्ये या मार्गाने जनुक बदललेले पहिले उंदीर तयार झाले आणि २००७ चं नोबेल या कामासाठी कॅपेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना मिळालं. एखादा आजार कोणत्या जनुकामुळे होतो, हे तपासायला आज जगभर असे उंदीर वापरतात. आता क्रिस्परमुळे फलित अंड्यातच थेट बदल करता येतो, तरी मूलपेशींचं काम संपलेलं नाही.

हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकातून हातात येत नाही ते वेगळंच. या पेशींचा आहार रोज बदलावा लागतो. रविवार नाही, ईद नाही. त्यांचा पुंजका घट्ट, कडेला चमकदार दिसला तर ठीक. कडा पसरू लागल्या की समजायचं, पेशी आपला मूळ गुण सोडताहेत. असे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली बघत एकेक उचलायचे. कधी उचलायचा, पेशी सुट्या करताना किती जोर लावायचा, हे शेजारी उभं राहून कुणीतरी दाखवावं लागतं. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत १९८३ पासून उंदराच्या भ्रूणाचा असा अभ्यासक्रम चालतो. त्याची हस्तपुस्तिका १९८६ मध्ये छापून आली, जगभर गेली, तरी तिथे जाऊन शिकणारे थांबले नाहीत.

मी त्यांना विचारलं, "वाइंडिंग करताना तांब्याची तार किती ताणायची, हे तुम्ही कुठे वाचलंत?" ते हसले. उस्तादाच्या किती टपल्या खाल्ल्या, ते सांगत बसले.

राग मला आमच्यावरच येतो. जलशांत आम्ही इब्न अल-हैथमचं नाव घेतो, त्याने प्रकाशाचे प्रयोग केले म्हणून टाळ्या घेतो. आणि मी पूर्वी ज्या शाळेत होते, तिथल्या प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली शिपायालाही सापडत नसे. मुली फळ्यावरून प्रयोगवहीत आकृत्या उतरवायच्या, निरीक्षणंसुद्धा. ही मुलगी त्यातलीच. सूक्ष्मदर्शकाला तिचा डोळा पहिल्यांदा लागला तो कॉलेजात.

दुसऱ्या प्रश्नाचा फतवा देणारी मी कोण? आलिमांना जरूर विचारा. माझं मत एवढंच की मानवी भ्रूणाबद्दलचे प्रश्न वेगळे आणि गंभीर आहेत. इथे काम उंदराच्या पेशींचं आहे. उंदराच्या जिवाचा प्रश्न मात्र मी उडवून लावणार नाही. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकली आहे. म्हणूनच हात तयार असायला हवा. अडाणी हाताने पेशी बिघडल्या तर तोच प्रयोग पुन्हा, म्हणजे आणखी उंदीर. आपल्याकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांना समितीची मंजुरी लागते, ती पद्धतही तिला अशा ठिकाणीच कळेल.

खरी अडचण त्यांनी शेवटी, चहा संपल्यावर सांगितली. शुल्क आहेच, पण मुलगी दोन आठवडे एकटी राहणार. पत्रात मुलींच्या वसतिगृहाचा उल्लेख होता. तो परिच्छेद मी त्यांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. होकार कळवायची मुदत सोमवारची होती. "जुम्म्यानंतर सांगतो," म्हणाले आणि पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

शुक्रवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. अब्बांनी रेल्वेच्या तिकिटाचे दर विचारले होते, येण्याजाण्याचे, दोन माणसांचे.