आखडलेल्या हातापायांना तपासणार कोण? गोळ्या आहेत, शिकलेले हात कमी आहेत

अंगावरून वारं गेलं, पण माणूस वाचला. दवाखान्यातून सुट्टी झाली, घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. खरी अडचण पुढच्या दोन-तीन महिन्यांत सुरू होते. लुळा पडलेला हात हळूहळू कडक होतो, कोपर दुमडतं, मूठ मिटते ती उघडतच नाही. पाय काठीसारखा ताठ होतो. घरचे म्हणतात, "वात धरला." मग तेलाची मालिश, शेक, कुणी सांगितलेला पट्टा. यात सहा महिने जातात आणि तोवर सांधा कायमचा आखडलेला असतो.

लकवा झालेल्या साधारण चार रुग्णांमागे एकाला तरी हा त्रास होतो. वैद्यकीय भाषेत याला 'स्पास्टिसिटी' म्हणतात. दोष स्नायूत नसतो. मेंदूकडून किंवा मणक्यातून स्नायूला जो लगाम असतो, तो सुटलेला असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत, मणक्याला मार लागलेल्यांत आणि डोक्याला इजा झालेल्यांतही हेच दिसतं.

कडकपणा सगळा सारखा नसतो

इथेच प्रशिक्षणाचा प्रश्न येतो. गाडीचा सीटबेल्ट हळू ओढला तर येतो, झटका दिला की अडकतो. स्पास्टिसिटीचं तसंच आहे. हात हळू सरळ केला तर बराचसा येतो, पटकन केला की अडतो. पार्किन्सनमध्ये मात्र हळू ओढा की जोरात, कडकपणा सारखाच राहतो. डिस्टोनियात मान किंवा हात आपोआप पिळला जातो. सांधाच आखडला असेल तर कसाही ओढा, तो पुढे जात नाही.

चारही रुग्ण घरच्यांना 'आखडलेले'च वाटतात, पण चौघांचा उपचार वेगळा. पार्किन्सनला लेव्होडोपाची गोळी लागते, स्पास्टिसिटीला बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन चालतं, आखडलेल्या सांध्याला गोळीचा काही उपयोग नाही. हा फरक एक्स-रेत दिसत नाही, रक्ताच्या रिपोर्टमध्येही नाही. तो तपासणाऱ्याच्या हाताला कळावा लागतो. कडकपणा मोजायला 'मॉडिफाइड अॅशवर्थ' नावाची मोजपट्टी आहे, शून्य ते चार. तिला मशीन लागत नाही, पैसा लागत नाही. सराव मात्र लागतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक कडकपणा घालवायचाही नसतो. पायात ताकद नसलेला रुग्ण कधीकधी त्या ताठ पायाच्या जोरावरच उभा राहतो. गोळीचा डोस वाढवून पाय ढिला केला तर तो माणूस खाटेवर येतो. म्हणून "कडक आहे" एवढं लिहून भागत नाही. या कडकपणामुळे काय अडतंय, जेवण, आंघोळ, चालणं की झोप, हे विचारायला शिकवावं लागतं.

चूक महागात पडते

उलटी थांबवायच्या मेटोक्लोप्रमाइड या इंजेक्शननंतर काही जणांची, विशेषतः तरुण मुलामुलींची, मान एकदम वाकडी होते, डोळे वर जातात. गावात लगेच "बाहेरचं झालं" म्हणून अंगाऱ्याची धावपळ होते. प्रत्यक्षात तो औषधाचा परिणाम असतो. ओळखणारा डॉक्टर असेल तर योग्य इंजेक्शनने बहुतेक वेळा अर्ध्या तासात मान सरळ होते.

बॅक्लोफेनचंही तसंच. ही गोळी बरेच दिवस चालू असताना अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात. गोळ्या संपल्या, बाजाराच्या दिवशी आणू, असं इथे चालत नाही. हे रुग्णाच्या घरी नीट सांगणं हासुद्धा उपचाराचाच भाग आहे.

बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनने ठरावीक स्नायू ढिले करता येतात. पण त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि खर्च हजारांत जातो. कोणत्या स्नायूत किती द्यायचं हे न शिकता टोचलं, किंवा टोचल्यानंतर व्यायाम आणि स्प्लिंट दिलंच नाही, तर ते पैसे मातीत गेले.

योजना आहे, साखळी तुटते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यातून, पालघरमधून झाली. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करायची, आणि शंका आली की मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, अशी रचना आहे. कागदावर साखळी चांगली आहे. पण पाच महिन्यांचं मूल मान धरत नाही, एकाच हाताने खेळणं धरतं, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे अडकतात, या खुणा पहिल्या माणसालाच ओळखता आल्या नाहीत तर पुढची साखळी रिकामीच राहते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू निसटू शकतो. त्यासाठी वेळोवेळी एक्स-रे काढायचा असतो, हेही सांगणारं कुणीतरी लागतं.

डॉक्टरांच्या शिक्षणातही ओढाताण आहे. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात पुनर्वसन वैद्यकाचे धडे आले. पण २०२३ च्या निकषांत नव्या मेडिकल कॉलेजला हा विभाग सक्तीचा राहिला नाही. विभागच नसेल तर विद्यार्थी रुग्णाचा हात धरून शिकणार कुठे?

काय करता येईल

सगळ्यांना सगळं शिकवायची गरज नाही. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला खुणा ओळखता आल्या पाहिजेत. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला सांधे मोकळे ठेवायचे व्यायाम आणि गोळ्यांवर लक्ष ठेवणं जमलं पाहिजे. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टना मोजमाप करून योग्य ठिकाणी पाठवता आलं पाहिजे. टॉक्सिनचं इंजेक्शन जिल्ह्याला एका ठिकाणी, शिकलेल्या माणसाकडूनच व्हावं. आणि हे प्रशिक्षण सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून होणारं नाही. दोन दिवस खरे रुग्ण समोर बसवून, हाताला हात लावून, आणि तीन महिन्यांनी तेच रुग्ण पुन्हा बघून झालं तरच ते टिकेल.

गावाच्या हातातही काही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आणि पार्किन्सन दोन्ही आहेत, म्हणजे प्रमाणपत्राचा अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. तो वाटपात संपवण्याऐवजी स्प्लिंट, वॉकर आणि तपासणीला जायच्या गाडीभाड्याला वापरता येतो का, हे ग्रामसभेत विचारावं. आणि रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न मांडावा: आपल्या तालुक्यात कडक झालेला हात मोजता येणारी माणसं किती, आणि नसतील तर त्यांना शिकायला कधी पाठवणार?