आधी कागद, मग ब्रेक, शेवटी रंग



गेल्या वर्षी भर उन्हाळ्यात माझा भाचा इंदोऱ्यात आमच्या दारी एक जीप घेऊन आला. चालवत नव्हे, दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत. महिंद्राची एमएम ५४०, डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह, १९९१ सालची. भाऊजींच्या फंडातले एक लाख रुपये तिच्यात गेले होते. "मामाजी, दोन महिन्यांत चकाचक करतो आणि सवाऱ्या मारतो," तो म्हणाला. ताई दारात गप्प उभी होती. त्या फंडावर धाकट्या मुलीचे कॉलेज अवलंबून होते.

जीपचा मोह मला कळतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी निघालेली ही गाडी १९४७ पासून महिंद्राने मुंबईत जोडायला घेतली. पुढे डिझेल इंजिने इगतपुरीच्या कारखान्यात होऊ लागली. लोखंडी चासी, पाटे, नटबोल्ट. कॉम्प्युटरचे नाव नाही. पान्याने उघडते, पान्याने बसते. म्हणूनच नवशिक्याला वाटते, हे तर आपल्याला सहज जमेल.

मी कारकून माणूस. मी आधी आर. सी. बुक मागितले. गाडी दोन हात फिरली होती, पण बुकावर नाव पहिल्याच मालकाचे. मुदत संपलेली, बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच. भाच्याजवळ होता फक्त एक स्टॅम्प पेपर. नुसत्या स्टॅम्प पेपरने गाडी नावावर होत नाही. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, बोजा उतरवायला फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. १५ वर्षांनंतर फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन, ५-५ वर्षांसाठी नोंदणी वाढवावी लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील गाडीला १०,००० झाली. शिवाय पर्यावरण कर वेगळा. पहिला मालक उमरेडकडे सापडला, भला निघाला, त्याने सह्या दिल्या. तो सापडला नसता तर एक लाखाचे भंगार दारात राहिले असते.

आणखी दोन गोष्टी त्याच आठवड्यात कळल्या. खाजगी नोंदणीच्या गाडीत भाडे घेऊन सवारी बसवता येत नाही, परमिट लागते. आणि सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवून मिळत नाही. तेव्हा "लिलावातली सरकारी जीप स्वस्तात देतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

भाचा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आता घेतली आहे, तर नीट तरी करतो."

पहिल्याच रविवारी जीव वाचला. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तो खाली शिरला होता. चहा प्यायला बाहेर आला आणि जॅक सरकला. त्या दिवसापासून घरात नियम केला: चाकांना ओट, चासीखाली लोखंडी स्टँड, मगच माणूस खाली. विटांचा भरवसा धरू नये, वीट दाबाखाली एकदम फुटते.

मग हातोडीने चासी ठोकून पाहिली. चांगले लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. त्यानंतर ब्रेक. चारही ड्रम उघडले. दोन सिलिंडर गळत होते. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, ती फुंकू नये, हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेकनंतर स्टिअरिंगचा प्ले, पाट्यांचे बुश.

इंजिनाची पाळी त्यानंतर. डिझेल इंजिन धुराने बोलते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर पाहा, मग नोझल. निळा म्हणजे ऑइल जळते. पांढरा आणि सतत येणारा म्हणजे डिझेल पुरते जळत नाही किंवा आत पाणी जाते. आमच्या जीपचा धूर काळा होता. गल्लीतला प्रत्येक जण "इंजिन बांधून घ्या" सांगत होता. नोझल तपासून, फिल्टर बदलून, लाइनमधली हवा काढली आणि काम भागले. नागपूरच्या उन्हात रेडिएटर मात्र साफ करून घ्यावाच लागला. रंग सर्वांत शेवटी, तोही मूळचाच. मोठे टायर, कापलेली बॉडी यांचा नाद सोडायला लावला. कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल चालत नाही, असे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे.

दोन महिन्यांचे तेरा महिने झाले. माझ्या वहीत ७८,४०० रुपये जादा खर्च लिहिला आहे. जीप पास झाली, नावावर झाली. फंड काही परत आला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या गॅरेजात तो नोझल घेऊन जायचा, तिथल्या मिस्त्रींनी मात्र त्याचा हात पाहून त्याला कामावर ठेवले. या जूनमध्ये बहिणीची फी त्याने भरली. ताईने पावती मला आणून दाखवली.

माझे सांगणे एवढेच. हौस असेल तर जरूर करा, पण आधी कागद पाहा आणि मग पैसे मोजा. आणि मुलाला इंजिनाची खरीच ओढ असेल, तर म्हाताऱ्याचा फंड मोडण्याआधी आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल ट्रेडचा एक वर्षाचा अर्ज भरा. तिथे उघडायला इंजिन मिळते आणि जॅक सरकण्याआधी ओरडणारा गुरुजीही मिळतो.